भूकंप पाहिला नाही, तरी ‘आम्ही’ म्हणायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुमचं गाव लातूर भागातल्या १९९३ च्या भूकंपात पडलं आणि नव्या जागी वसलं. तुमचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी, नव्या गावातच झाला. तरी बाहेर कुणी गावाचं नाव विचारलं की तुमच्या तोंडून ‘आम्ही भूकंपातून वाचलो’ असंच निघतं. एका मित्रानं ‘तू कुठं होतास तेव्हा?’ असं विचारलं आणि ते तुमच्या मनाला लागलं. त्यातच गावानं स्मरणिका काढायचं ठरवलंय, संपादनाचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, आणि जमवलेल्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. मदत कधी पोचली, आधी कोण आलं, जुनं गाव सोडायचं कुणी ठरवलं, प्रत्येकाचं वेगळं. घरात आजी आहे, ती त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलत नाही. आता कुणाचं खरं धरायचं?

मी गेली बावीस वर्षं मौखिक इतिहासाचं काम करते. म्हणजे माणसांसमोर बसायचं, त्यांना बोलू द्यायचं, ते ध्वनिमुद्रित करून शब्दन् शब्द उतरवून काढायचं. धरणात गेलेली गावं, भूकंपात पडलेली गावं, दुष्काळात ओस पडलेल्या वस्त्या, अशा ठिकाणी माझी बरीच वर्षं गेली. तेवढ्या अनुभवावर सांगते, तुम्ही विचारलंय ‘कुणाचं खरं’, पण तुम्हाला टोचतोय तो मित्राचा प्रश्न. जे आपण पाहिलं नाही त्याबद्दल ‘आम्ही’ म्हणायचा आपल्याला हक्क आहे का, हा. स्मरणिकेच्या अडचणीची वाटही तिथूनच जाते, म्हणून दोन्हीबद्दल एकत्रच लिहिते.

काही गोष्टी मात्र तुमच्या गावावर अवलंबून आहेत. गावातली किती माणसं गेली, एकेका घरातली सगळीच गेली का, नव्या गावात जुन्या गल्ल्या शेजारी-शेजारी राहिल्या की फुटल्या, घरांच्या वाटपावरून भांडणं झाली का, जुन्या जागेवर अजून कुणाची शेती आहे का, यावर आठवणींचा सगळा पोत ठरतो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली गेली. भूकंप एक, पुनर्वसनाची योजना एक, तरी त्यातल्या दोन गावांची आठवण सारखी असेल असं मी गृहीत धरणार नाही. तेव्हा पुढचं वाचताना आपल्या गावाला लागू पडेल तेवढंच घ्या.

आधी आठवणी का जुळत नाहीत ते पाहू. आपल्याला वाटतं, एवढा मोठा धक्का म्हणजे तो मनावर कोरलाच जाणार. धक्का कोरला जातो हे खरं, तपशील मात्र हलत राहतात. अमेरिकेत २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होतात, कुणी सांगितलं, काय करत होतात. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जवळपास पाव विद्यार्थ्यांचा एकही ठळक तपशील जुळला नाही, आणि सांगताना मात्र खात्री पक्की होती. पुढं आणलेला स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद पाहूनही पहिली आठवण परत येईना. हे झालं टीव्हीवर पाहिलेल्या घटनेबद्दल. ज्यांनी हातांनी दगडमाती उपसली, त्यांच्या तपशिलांत किती उलथापालथ झाली असेल याचा अंदाज करा.

आणि ही उलथापालथ माणूस एकटा करत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस आल्ब्वाक्स यांनी १९२५ मध्येच मांडलं होतं की आपण आठवतो ते आपल्या माणसांच्या चौकटीत राहूनच: घर, जात, धर्म, गाव. मला हे पुस्तकातून कळलं त्याआधी पत्र्याच्या शेडच्या हकिकतींमधून कळलं होतं. भूकंपानंतर लोक कित्येक महिने शेडमध्ये राहिले. रात्री झोप लागायची नाही. मग बाहेर बसून बोलणं व्हायचं. तू कुठं होतास, आवाज कसा आला, आधी कुणाला हाक मारलीस. एकाच्या हकिकतीतला तपशील दुसऱ्याला पटायचा आणि हळूहळू त्याचाच होऊन जायचा. माझ्याकडे एकाच गल्लीतल्या चार जणांच्या मुलाखती आहेत. चौघंही आवाजाचं वर्णन ‘ट्रकभर दगड ओतावेत तसा’ असंच करतात. चौघांनी स्वतंत्रपणे तीच उपमा शोधली असेल असं मला वाटत नाही. ती कुणा एकाची, गल्लीनं ती आपली करून घेतली. पहाटे तीन छप्पन्नची वेळही तशीच. अंधारात घड्याळ कुणी पाहिलं असेल? ती वर्तमानपत्रातून, भाषणांतून आली आणि आठवणीत जाऊन बसली. यात खोटेपणा शोधू नका. गाव एकत्र आठवायला शिकतं ते असंच.

तुमच्या परिसरात १९९२ मध्येही धक्के बसले होते, त्याबद्दलही तुम्हाला ऐकू येईल. ‘जमीन वर्षभर आधीपासून सांगत होती, आपण ऐकलं नाही,’ असं एका आजोबांनी मला सांगितलं. धक्के खरे होते. ‘सांगत होती’ हा अर्थ नंतरचा. घटना आणि नंतरचा अर्थ यांचे धागे वेगळे ओळखता येणं, संपादक म्हणून तुमचं पहिलं काम हे. वेगळे ओळखा म्हणजे अर्थ कापून टाका, असं मात्र करू नका.

इटलीतल्या एका उदाहरणानं माझं सगळं काम बदललं, म्हणून जरा सविस्तर सांगते. तेर्नी हे पोलाद कारखान्याचं शहर. तिथं १७ मार्च १९४९ रोजी लुईजी त्रास्तुल्ली नावाचा २१ वर्षांचा कामगार पोलिसांच्या गोळीबारात मेला. निमित्त होतं इटलीच्या नाटो प्रवेशाविरुद्धच्या मोर्चाचं. पुढं आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या मौखिक इतिहासकारांनी तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकांनी हा मृत्यू १९५३ मध्ये झाला असं सांगितलं. १९५३ मध्ये कारखान्यानं हजारो कामगारांना घरी बसवलं होतं आणि रस्त्यावर मोठा संघर्ष झाला होता. तारीख चुकली, असं म्हणून पोर्तेल्ली पुढं जाऊ शकले असते. त्यांनी विचारलं, इतक्या जणांची चूक एकाच दिशेनं का व्हावी? त्यांचं उत्तर असं की आपला साथीदार एका साध्या मोर्चात गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, ही बोच कामगारांना सोसवत नव्हती. म्हणून आठवणीनं तो मृत्यू उचलून त्यांच्या सगळ्यात मोठ्या लढ्यात नेऊन ठेवला.

हे वाचल्यानंतर मी माझ्या जुन्या मुलाखती पुन्हा ऐकल्या. एका पुनर्वसित गावात सहा घरांनी मला सांगितलं होतं, ‘जुन्या गावातून सगळ्यात शेवटी आम्ही निघालो.’ सहाही घरं शेवटची असू शकत नाहीत. मी तेव्हा वहीत ‘विसंगती’ असं लिहून तो भाग बाजूला टाकला होता. वर्षभरानं पुन्हा गेले आणि या वेळी वेगळं विचारलं: आधी निघाले त्यांना गाव काय म्हणालं? मग एकेक उलगडत गेलं. जी घरं लवकर गेली, त्यांनी आपल्या मेलेल्यांना मागं सोडलं असं बोललं जात होतं. ते बोल आपल्याला लागू नयेत म्हणून प्रत्येक घर शेवटी निघालं होतं. शेवटी कोण निघालं ते मला आजही ठाऊक नाही. पण त्या गावात कुणाला कशाची लाज वाटत होती ते मला कळलं, आणि पंचनाम्याचा कोणताही कागद मला ते सांगू शकला नसता.

तेव्हा तुमच्या स्मरणिकेत आठवणी जुळवू नका. ‘मदत त्याच दिवशी आली’ आणि ‘तीन दिवस कुणी फिरकलं नाही’ ही दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी छापा, सांगणाऱ्याच्या नावासह आणि त्याची गल्ली कोणती होती त्यासह. बहुतेक वेळा दोन्ही खरी निघतात: रस्त्याकडेच्या आळीत मदत आधी पोचली, गावाच्या टोकाच्या वस्तीत उशिरा. तपशील जिथं कागदावर तपासता येतो तिथं जरूर तपासा. तलाठ्याची नोंद, पंचनामा, शाळेचं हजेरीपत्रक, त्या दिवसांतली वर्तमानपत्रं. कागद आणि आठवण यांत फरक पडला तर दोन्ही द्या. वाचणारा अडाणी नसतो.

तारखांसाठी एक जुनी युक्ती आहे. म्हातारी माणसं सालानं सांगत नाहीत, प्रसंगानं सांगतात. ‘रझाकाराच्या वक्ताला मी परकरात होते’, ‘थोरला बहात्तरच्या दुष्काळातला’. कालगणनेची ही पद्धत चोख असते, तिचा उपयोग करा. ‘किती साली?’ असं विचारू नका. ‘तेव्हा धाकटी चालायला लागली होती का? सोयाबीन निघालं होतं का?’ असं विचारा. आणि एक निरीक्षण: तुमच्या भागात ‘भूकंपाआधी’ आणि ‘भूकंपानंतर’ ही आता कालगणनाच झाली आहे. लग्न, जन्म, भावकीतली वाटणी, सगळं या दोन खणांत बसवलं जातं. एखाद्या घटनेनं समाजाची ओळख बदलली का, हे मी यावरूनच ओळखते. माणसं तिच्यावरून वेळ मोजू लागली का?

सगळ्याच मोठ्या घटनांच्या वाट्याला हे येत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझानं, म्हणजे मानमोडीच्या साथीनं, हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं एकच दशक, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. एवढा संहार, पण त्याचं स्मारक कुठं दिसतं का? ‘मानमोडी’ हा शब्दसुद्धा आज किती जणांना माहीत असेल? साथीतलं मरण घराघरांत, वेगवेगळं येतं. त्याची एक रात्र नसते, एक जागा नसते, शत्रू नसतो, वाचवणाराही नसतो. सांगण्यासाठी गोष्टीचा आकार लागतो आणि तो साथीला मिळत नाही. तुमच्या भूकंपाला तो मिळाला: गणपती विसर्जनाची रात्र, पहाट, आवाज, अंधार. सुमारे ८,००० माणसांचा मृत्यू काही क्षणांत. या आकारामुळेच ती आठवण तुमच्यापर्यंत अशी पोचली, की जणू तुम्ही तिथं होतात.

या आकाराबाहेर जे राहतं ते गप्प होतं. इथं तुमच्या आजीकडे येऊ.

ज्या घरात प्रेत मिळालं नाही, किंवा मिळालं पण ओळखता आलं नाही, तिथली आठवण गोष्टीत बसत नाही, कारण शेवटच झालेला नसतो. ही अवस्था नवी नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारलं नाही. पुढं भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला आणि माणसं त्याच्यामागं गेली. त्या लोकांना भोळे म्हणणं सोपं आहे. मला त्यात इतकंच दिसतं की दार अर्धं उघडं ठेवून जगणाऱ्यांची ती वेळ होती. तुमच्या आजीच्या मनात असं काही आहे की आणखी काही, ते तिचं तिला माहीत. काही बाया बोलत नाहीत कारण एकाला वाचवताना दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागली. काही जणी एवढ्यासाठीच गप्प असतात की इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नाही. पत्रकार आले, अधिकारी आले, ते पुरुषांशी बोलले आणि गेले.

मी काय करते ते सांगते. त्या रात्रीबद्दल मी कधीच विचारत नाही. कोरा कागद पुढं ठेवते आणि म्हणते, ‘जुन्या घरात चूल कुठं होती ते दाखवा.’ चुलीपासून माजघर, माजघरातून ढेलज, मग अंगण, मग शेजारीण. कागदावर गाव उभं राहायला लागतं. दोन-दोन तास हे चालतं. कुठं तरी बोट थांबतं. तिथं मीही थांबते. पुढं न्यायचं की नाही ते त्या ठरवतात. कित्येकींनी त्या दिवशी पुढं नेलं नाही आणि मी नकाशाची घडी घालून त्यांच्याच हातात देऊन निघाले. एका मावशींनी तीन वर्षांनी मला बोलावून घेतलं. आजी बोललीच नाही, तरी स्मरणिकेत तिनं काढलेला घराचा नकाशा छापता येईल, तिची परवानगी असेल तर. गप्प राहण्याचा तिचा हक्क तुमच्या स्मरणिकेपेक्षा मोठा आहे, आणि ती नातवासाठी मन मोडून बोलायला लागली तर तुम्हीच रेकॉर्डर बंद करा.

इथवरचं थोडक्यात म्हणजे एवढंच: तपशील हलतात, त्या हलण्यालाही कारण असतं, आणि जे सांगितलं जात नाही तेही आठवणीचाच भाग असतं. आता ‘आम्ही’कडे.

‘भूकंपग्रस्त’ या शब्दाकडे नीट पाहा. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो तसा. धरणग्रस्त, पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त. हे शब्द सरकारी कागदातून आले आणि माणसांनी ते आडनावासारखे लावून घेतले, कारण त्यांवर दाखला मिळतो, नोकरभरतीत वेगळा रकाना असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांचं गेलं त्यांना ते मिळायलाच हवं. पण कागद माणसाची ओळख त्याच्या नुकसानीवरून धरतो. तीस वर्षं तोच कागद पुढं करत राहिलं, की आपण म्हणजे आपलं नुकसान असं गावालाही वाटू लागतं. मग तुमच्यासारख्या नंतर जन्मलेल्या मुलांची पंचाईत होते. नुकसान तुम्ही पाहिलं नाही, आणि ओळख तर तीच मिळाली.

याच्या शेजारी दुसरा एक ‘आम्ही’ ठेवून बघा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. आज विशीतली मुलंमुली सहज म्हणतात, ‘आम्ही छप्पन साली धम्म घेतला.’ त्यांच्या आईवडिलांचाही तेव्हा जन्म झाला नव्हता. तरी तुमच्या मित्राचा प्रश्न त्यांना कुणी विचारला तर तो हास्यास्पद वाटेल. का? मला वाटतं, त्या ‘आम्ही’सोबत काही पाळायचं असतं. बावीस प्रतिज्ञा आहेत, मुलांना शिकवायचं आहे, जुनं काही सोडायचं आहे. घटना आजोबांच्या आयुष्यात घडली, पण तिचं काम नातीच्या हातात अजून चालू आहे.

हे फक्त आपणहून निवडलेल्या घटनांबद्दल खरं असतं असंही नाही. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर १९०७ साली सुनामी आली आणि खूप माणसं गेली. बेटावरच्या लोकांनी त्या लाटेला ‘स्मोंग’ म्हटलं आणि ती अंगाईत, गोष्टीत घातली: जमीन हादरली, मग समुद्र मागं हटला, तर डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी पुन्हा आली तेव्हा बेटावर सुमारे ७८,००० लोक होते. मेले ७. वाचलेल्यांतल्या जवळजवळ कुणीच १९०७ पाहिलं नव्हतं. जपानमधल्या अनेयोशी गावात १९३३ च्या सुनामीनंतर एक दगड उभारला गेला, त्यावर लिहिलं आहे की या खुणेच्या खाली घरं बांधू नका. मार्च २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली आणि वरची घरं राहिली. त्या गावातल्या पोरांनी ‘आम्ही सुनामीतून शिकलो’ म्हटलं तर त्यांना कोण अडवणार?

मी या मताला आले आहे: न पाहिलेल्या घटनेबद्दल ‘आम्ही’ म्हणायचा हक्क रक्तानं किंवा दाखल्यानं पुरता मिळत नाही. त्या घटनेनं लावून दिलेलं काम आपण करतो का, यावर तो ठरतो. माझ्या क्षेत्रातले सगळे हे मानतील असं नाही. दुःखाचा वारसा हाच पुरेसा हक्क आहे असं म्हणणारेही आहेत, आणि ज्यांच्या घरातून पाच-पाच माणसं गेली त्यांच्यासमोर मी हा वाद कधी घालणार नाही. पण तुम्ही नंतर जन्मलेले आहात आणि स्वतःहून विचारताय, म्हणून सांगते.

तर मग तुमच्या भूकंपानं कोणतं काम लावून दिलं? तो काही अतिप्रचंड भूकंप नव्हता, तीव्रता सव्वासहाच्या आसपास. माणसं मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना न बांधलेली, आणि वर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छताच्या, मातीचा टनावारी भार. भिंतींच्या दोन्ही बाजू सुटल्या आणि माळवद खाली आलं. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो पट्टा बदलला. ही सगळी माहिती १९९३ मध्ये जिवावर बेतून मिळाली. नव्या गावात आज वाढीव खोल्या बांधल्या जातात, त्यांत भिंती एकमेकींना बांधून ठेवणारे आडवे पट्टे घालतात का? गवंड्याला कुणी ते विचारतं का? नसेल, तर ‘आम्ही भूकंपातून वाचलो’ हे वाक्य तुमच्या गावात पोकळ होत चाललंय, ते ज्यांनी भूकंप पाहिला त्यांच्याही तोंडी. स्मरणिकेत एक प्रकरण भिंतींवर घ्या. म्हाताऱ्या गवंड्यांच्या मुलाखती घ्या: जुनी घरं कशी बांधायचे, काय चुकलं, आता काय करायला हवं. चित्रं टाका. शोकाच्या पानांमध्ये हे रुक्ष वाटेल असं संपादक मंडळ म्हणेल. त्यांना सांगा, शोकातून उरलेलं सगळ्यात उपयोगी पान हेच आहे.

मृतांच्या यादीबद्दल एक सावधगिरी. आकडा ही आठवणीतली सगळ्यात हट्टी गोष्ट असते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले १०५ हुतात्मे असं घोषणेत बसलं. पुढं यादीत भर पडली तरी तोंडात १०५ च राहिले. एकदा छापलेली यादी पुसता येत नाही, म्हणून आधी शोधा कोण सुटलं आहे. सणाला माहेरी आलेली लेक, जिचं नाव माहेरनं सासरच्या गावात धरलं आणि सासरनं माहेरात. सालगड्याचं कुटुंब. पाहुणे. बारशाआधी गेलेलं बाळ, ज्याला नावच नव्हतं. त्याची नोंद ‘अमुकचं बाळ’ अशी करा, पण करा. आणि नावं वर्णानुक्रमे लावू नका, आडनावांनुसारही नको. जुन्या गावाच्या गल्ल्यांनुसार लावा, घराला लागून घर. गावाची जुनी माणसं ती यादी बोट फिरवत वाचतील, चालत गेल्यासारखी, आणि मध्येच म्हणतील, ‘इथं एक घर राहिलं.’ माझ्या अनुभवात सुटलेली नावं सापडण्याचा याहून चांगला मार्ग नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीची गल्लीही त्याच क्रमात घ्या, शेवटी पुरवणीसारखी नको.

छापायला देण्याआधी कच्चा मजकूर गावात मोठ्यानं वाचून दाखवा. एकदा पारावर, आणि एकदा फक्त बायकांमध्ये, दुपारी, पुरुष नसताना. दोन्ही वाचनांत वेगवेगळ्या दुरुस्त्या येतील. कुणी ‘माझं नाव काढा’ म्हणालं तर कारण न विचारता काढा.

आणि छापताना शेवटी आठ-दहा पानं कोरी सोडा, आखलेली. खर्च वाढतो म्हणून मुद्रक नाखूश असतो, पण सोडाच. मी ज्या गावांत हे केलं तिथं चार-सहा महिन्यांनी प्रती पुन्हा पाहायला गेले. बऱ्याच प्रतींत ती पानं कोरीच होती. एका घरात मात्र कुणी तरी शाळकरी अक्षरात भरलेली दिसली. लिहिणारी सातवीतली नात होती, सांगणारी तिची आजी. छापील पुस्तकात त्या आजीचं एक वाक्यही नव्हतं. तिनं चुलीपासून सुरुवात केली होती.